जजसाहेबांची डावी बाजू

महिन्याचा शेवटचा शुक्रवार, सकाळचे अकरा. स्थळ: शहराच्या कडेची औद्योगिक वसाहत, तिच्या शेवटच्या गल्लीतील पत्र्याची एक लांबट शेड. उपस्थित: एक गडद निळी मोटार, तिच्या मागच्या डाव्या दारापाशी उकिडवा बसलेला रंगकामाचा मिस्त्री, आणि त्याच्या पाठीशी हात बांधून उभी असलेली एक मध्यमवयीन बाई, जिच्या नोकरीचे नाव ‘सोबती’ असे होते.

शेडच्या दारावर पाटी नव्हती, आणि ती लावायची राहून गेली होती असेही नव्हते. मोटारींची ही नवी, महागडी कंपनी बाजारात उतरली तेव्हा तिने एक सिद्धांत मांडला होता: श्रीमंत माणूस गाडीवर खर्च करायला कुरकुरत नाही, गाडीपायी ताटकळायला कुरकुरतो. शोरूममध्ये चार विक्रेत्यांनी घेरलेले त्याला आवडत नाही. घासाघीस करताना आपल्याला कोणी पाहिलेले आवडत नाही. आणि सर्व्हिसिंगच्या दिवशी प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून जुनी मासिके चाळणे तर मुळीच आवडत नाही. म्हणून या कंपनीने शोरूमच काढली नाही. शहराच्या चांगल्या भागात तिने एक खोली घेतली. तिला ती ‘बैठक’ म्हणे. तिथे एकच गाडी, दोन कोच, कॉफीचे यंत्र आणि पावलांचा आवाज गिळणारा जाड गालिचा. किंमत एकच, सर्वांना सारखी. ज्याला बैठकीपर्यंत यायचाही कंटाळा, त्याच्या दारात गाडी जाई. आणि एकदा गाडी घेतली, की तिच्यासाठी ग्राहकाला पुन्हा कधीही कुठेही जावे लागत नसे. दर दोन महिन्यांनी सोबती घरी येई, तशीच दुसरी गाडी दारात ठेवी, मूळ गाडी घेऊन जाई आणि संध्याकाळी ती धुऊनपुसून, तपासून परत आणून देई. वर्कशॉप कुठे आहे, तिथे कोण राबते, गाडीचे तिथे काय होते, हे ग्राहकाला ठाऊक नसे. ठाऊक नसावे, याचेच तो पैसे मोजत असे.

या सेवेत एक कलम असे होते की ज्याचा कंपनीला सर्वांत जास्त अभिमान होता, आणि जे कुठल्याही पत्रकात छापलेले नव्हते. आतली माणसे त्याला ‘मूकसेवा’ म्हणत. गाडीवर तळहातापेक्षा लहान ओरखडा किंवा पोचा आढळला, तर तो न विचारता, न सांगता, फुकट काढून टाकायचा. बिलात नोंद नाही, तोंडी उल्लेख नाही. माणसाची गाडी कधी फाटकाला घासते, कधी खांबाला लागते. त्याची आठवण करून देणे म्हणजे त्याचेच पैसे घेऊन त्यालाच खजील करणे. गाडी परत येते तेव्हा ती निर्दोष असते, आणि तिच्याबरोबर तिचा मालकही.

या युक्तिवादात खोट काढणे सोपे नाही. खोट होती, पण ती कळायला जजसाहेबांची गाडी यावी लागली.

“ह्या गाडीला दोन बाजू आहेत बघा, बाई,” मिस्त्री न वळता म्हणाला. “उजवी कंपनीने रंगवलेली, आणि डावी मी.”

“चेष्टा पुरे. हे कशाचं आहे ते सांगा.”

“तुम्हीच सांगा की. ड्रायव्हिंग स्कूलमध्ये तुम्ही शिकवत होतात, मी नाही.”

सोबती वाकली. दाराच्या मुठीखालून निघालेली एक बारीक पण खोल रेघ मागच्या चाकावरच्या पत्र्यापर्यंत गेली होती. तिच्या थोडे वर काळ्या रबराचा घासलेला डाग होता, आणि दोहोंच्या मध्ये हिरव्या रंगाचे काही कण पत्र्याला चिकटले होते. खांबाला रबराची मूठ नसते. फाटकाला ब्रेकची दांडी नसते.

“सायकल,” ती म्हणाली.

“सायकल. आता ती उभी होती का चालती, ते काही पत्रा सांगत नाही.”

“आणि हे तळहातापेक्षा लहान आहे?”

मिस्त्रीने आपला पंजा रेघेवर ठेवला. रेघ दोन्हीकडून बाहेर डोकावली. “बोटं ताणली तर बसेल. गेल्या खेपेला तुम्हीच म्हणालात ना, ताणा बोटं म्हणून? जजसाहेबांपायी माझा हात एवढा वाढलाय की घरी बायको विचारायला लागलीय.”

ती हसली नाही. गेल्या खेपेला तिनेच तसे म्हटले होते, हे खरे होते.

जजसाहेब म्हणजे निवृत्त न्यायाधीश. त्यांनी गाडी घेतली तेव्हा ती दाखवायला त्यांच्या घरी सोबतीच गेली होती, आणि विक्रीचा तो प्रसंग उलटतपासणीसारखा पार पडला होता. किंमत एकच का, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, तुम्हाला कमी केली तर तुमच्या आधी ज्यांनी घेतली त्यांची फसवणूक होईल. उत्तर त्यांना पटले. गाडीत वाईट काय आहे, असे त्यांनी विचारले. ती म्हणाली, मागची काच अरुंद आहे. हेही पटले. चालवून पाहिल्यावर त्यांनी एकच अट घातली: कशाच्या जवळ गेली की ही गाडी जे कुईकुई करते, ते बंद झाले पाहिजे.

“आयुष्यभर मी वकिलांना मध्ये बोलू दिलं नाही,” ते म्हणाले होते. “आता गाडीला देऊ?”

“बायकोलाही दिलं नाही, ते पण सांगा,” काकू म्हणाल्या होत्या. जजसाहेबांच्या पत्नीला सोबती पहिल्या दिवसापासून काकूच म्हणे.

सगळे हसले, आणि सोबतीने तिथल्या तिथे पडद्यावर बोट टेकवून गाडीला गप्प केले. ग्राहकाची इच्छा शब्दशः पुरवण्याचे शिक्षण तिला नुकतेच मिळाले होते. ते तिने मन लावून वापरले.

पहिले वर्ष गाडीला काही झाले नाही. पुढे एकदा पुढच्या बंपरच्या कोपऱ्याला खरचटले. मग आरशाच्या पाठीला. मग दाराला. ओरखडे वाढत गेले आणि सगळे डाव्या बाजूला आले, म्हणजे स्टिअरिंगपासून लांबच्या बाजूला, जिथे काकू बसत. मिस्त्रीने ते एकेक करून नाहीसे केले, सोबतीने गाडी दर वेळी परत नेऊन दिली, आणि नियम असा की गाडी परत करताना तिची चालकाकडची बाजू घराच्या पायरीसमोर यावी, म्हणजे मालकाला आपले दार थेट समोर दिसते. जजसाहेबांना ते नेहमी तसेच दिसले. गॅरेजमध्ये डावी बाजू भिंतीकडे असे. गाडीला डावी बाजू असते, हे त्यांना विसरायला लावण्याचा जणू कटच झाला होता, आणि त्यात सामील असलेल्या एकाच्याही मनात काही वाईट नव्हते.

आज सकाळी ती गाडी न्यायला गेली तेव्हा जजसाहेब अंगणात उभे होते, खुशीत.

“सोबतीबाई, ह्या वेळी जरा जास्तच चकाचक करून आणा. सोमवारपासून गाडीला मोठं काम लागलंय. नातीला शाळेत सोडायचं. लेकीची ड्यूटी सकाळची झाली, जावई परगावी. लेक म्हणत होती, बस लावते, बाबा, तुमचं वय झालं. मी म्हटलं, वय हा पुरावा नव्हे. गेल्या खेपेला तुम्ही गाडी आणून दिलीत ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशीची गोष्ट. तिला बाहेर आणली, गाडीभोवती फिरवली. म्हटलं, एवढी वर्षं चालवतोय, एक ओरखडा दाखव, किल्ली तुझ्या हातात देतो. काय दाखवणार? खटला खारीज!”

“नात पुढे बसणार का, साहेब?” तिने विचारले.

“छे, मागे. डावीकडे. तिची जागा ठरलेली आहे. त्या बाजूच्या बंगल्यांतली कुत्री दिसतात तिला.”

काकू दारात उभ्या होत्या. एरवी अशा वेळी त्यांनी नवऱ्याला एखादा चिमटा काढला असता. आज त्या काहीच बोलल्या नाहीत. गाडी रस्त्यावर येईपर्यंत सोबतीला त्या गप्प बसण्याचे काही वाटले नाही. शेडमध्ये दाराची ती रेघ पाहिल्यावर मात्र वाटले.

ती उठून उभी राहिली. “मिस्त्री, ह्याला हात लावू नका. मी बैठकीत जाऊन येते.”

व्यवस्थापक तिच्याहून वयाने लहान होता आणि तिला ताई म्हणे. त्याने तिचे सगळे बोलणे मध्ये न तोडता ऐकून घेतले. तो मनाने वाईट नव्हता, आणि डोक्याने तर मुळीच नव्हता.

“ताई, त्यांना लायसन्स आपण दिलं का?”

“नाही, सर.”

“आपण त्यांचे डॉक्टर? त्यांची मुलं?”

“नाही.”

“मग आपण कोण सांगणारे?”

“ज्यांना माहीत आहे, ते.”

“काय माहीत आहे? एक रेघ. रेघ तर उभ्या गाडीलाही पडते. समजा, तुम्ही सांगितलंत. ते जज आहेत. ते म्हणतील, गाडी तुमच्या ताब्यात होती, ओरखडा तुमच्याच माणसांनी पाडला आणि आता माझ्या डोळ्यांवर ढकलताय. काय दाखवाल तुम्ही? आपण आजवरची एक तरी नोंद ठेवलीय?”

“नाही ठेवली. म्हणूनच म्हणते, हा एक तरी ठेवू या. तेवढाच उरलाय.”

“ताई, लोक आपल्याकडून गाडी घेतात. आरसा नाही घेत.”

“ह्यांनी गाडीलाच आरसा केलाय, सर. लेकीला धरून आणून दाखवला.”

तो म्हणाला, “रंगवून द्या. एका माणसासाठी नियम वाकवला की तो नियम राहत नाही. मिस्त्रीला मी फोन करतो.”

व्यवस्थापकाचा प्रत्येक मुद्दा सुटा घेतला तर बरोबर होता, आणि अशी माणसे चुकतात तेव्हा त्यांची चूक शोधायला वेळ लागतो. परत जाताना सिग्नलला थांबलेल्या सोबतीला ती सापडली. तो असे धरून चालला होता की गप्प राहणे म्हणजे काहीच न बोलणे. पण डाग पुसून परत दिलेली गाडी गप्प कुठे असते? ती दर दोन महिन्यांनी मालकाच्या दारात उभी राहून सांगते की तुझ्या हातून काहीही घडलेले नाही. कंपनी मौन पाळत नव्हती. ती साक्ष देत होती, आणि ती साक्ष खोटी होती. हे विधान सोबतीने मनात दोनदा उलटून पाहिले. मागच्या गाडीने हॉर्न दिला तरी तिला त्यात खोट सापडली नाही. आणि ती साक्ष दर वेळी पायरीसमोर नेऊन उभी करणारी ती स्वतः होती, हेही त्याच विधानात बसत होते.

शेडमध्ये मिस्त्री चहा पीत बसला होता. रेघ जिथल्या तिथे होती.

“साहेबांचा फोन आला होता,” तो म्हणाला. “लगेच रंगव म्हणाले.”

“मग?”

“मी म्हटलं, तो निळा संपलाय.”

“संपलाय?”

“एवढे दिवस एकाच गाडीला लावतोय, बाई. कधीतरी संपणारच की.” त्याच्या मागे फळीवर निळ्या रंगाचा डबा उभा होता, आणि त्याचे झाकण नीट लावलेले होते. “धुऊन ठेवलीय. काच पण पुसलीय. फक्त तेवढी बाजू पुसताना जपून पुसली, ते हिरवे कण निघू नयेत म्हणून.”

संध्याकाळी पाचच्या सुमारास सोबतीने गाडी जजसाहेबांच्या फाटकातून आत घेतली, आणि एरवी सरळ नेत असे ती आज उलटी, मागे घेत घेत नेली. डावी बाजू पायरीसमोर आली.

जजसाहेब पेपराची घडी हातात घेऊन बाहेर आले. “आज उलटी का लावलीत?” असे विचारता विचारता ते थांबले. त्यांनी चष्मा सारखा केला, पायरी उतरले, वाकले, आणि रेघेवरून एक बोट शेवटपर्यंत नेले. सरळ झाले तेव्हा त्यांचा चेहरा घरातला राहिला नव्हता.

“हे तुमच्या वर्कशॉपमध्ये झालं.”

“नाही, साहेब.”

“विचार करून उत्तर द्या. ह्या गाडीला माझ्या हातून कधीही ओरखडा पडलेला नाही. ही गोष्ट तुम्हाला ठाऊक आहे, माझ्या मुलीला ठाऊक आहे. आज सकाळी गाडी माझ्या ताब्यातून तुमच्या ताब्यात गेली. आता ती परत आली आहे, आणि ओरखडा आहे. ह्यातून दुसरा निष्कर्ष निघत असेल तर मला ऐकायचा आहे.”

युक्तिवाद बिनतोड होता. त्यातले एकच विधान खोटे होते, आणि ते त्यांना कंपनीने घरपोच पुरवले होते.

“साहेब, हा पहिला नाही,” सोबती म्हणाली. “पहिल्या वर्षी काही नव्हतं. नंतर अधूनमधून. अलीकडे प्रत्येक खेपेला, आणि सगळे ह्याच बाजूला. आम्ही ते काढून टाकत होतो. तुम्हाला न सांगता. लहान ओरखडा बोलून दाखवायचा नाही, असा आमच्याकडे नियम आहे.”

“किती होते?”

“मोजले नाहीत. मोजायचे नाहीत, हेही त्यातच येतं.”

“ह्याला पुरावा?”

“नाही. आम्ही तो पुसला.”

“पुसला.” तो शब्द त्यांनी तोंडात घोळवून पाहिला. “सोबतीबाई, माझ्यासमोर जी माणसं पुरावा पुसून येत, त्यांना मी शिक्षा देत असे. तुमच्याकडे त्या कामाला काय म्हणतात?”

“मूकसेवा.”

जजसाहेब हसले नाहीत, पण त्यांच्या ओठांचा एक कोपरा हलला, जसा एखाद्या आरोपीने अनपेक्षितपणे खरे उत्तर दिले की हलत असावा. “छान. म्हणजे तुमचं म्हणणं असं, की दोष माझा, आणि त्याचा पुरावा तुम्ही नष्ट केला, आणि मी तुमच्या शब्दावर विश्वास ठेवावा. साक्षीदार तरी कोणी आहे?”

सोबतीच्या डोळ्यांसमोर मिस्त्री आला. त्याला इथे आणावे का, याचा ती विचार करत होती, तेवढ्यात दारातून आवाज आला.

“मी आहे.”

काकू बाहेर आल्या आणि पायरीवर बसल्या. त्या गाडीकडे बघत होत्या.

“तू? तू कशाची साक्षीदार?”

“औषधाच्या दुकानापाशी. गेल्या आठवड्यात. भिंतीला हिरवी सायकल टेकवलेली होती. मी म्हटलं, अहो, काहीतरी लागलं. तुम्ही म्हणालात, काही नाही. मी मागे वळून पाहिलं, तर सायकल आडवी. तुम्ही म्हणालात, वाऱ्याने पडली.”

“कोणी होतं का तिच्यावर?” सोबतीने घाईघाईने विचारले.

“नाही गं. मोकळीच होती.”

“वारा होता त्या दिवशी,” जजसाहेब म्हणाले.

“वारा सायकलीचा रंग आणून गाडीला लावत नाही.”

जजसाहेबांनी पुन्हा वाकून ते हिरवे कण पाहिले. या वेळी ते जास्त वेळ वाकून राहिले. “मग घरी आल्यावर दाखवलं का नाहीस?” ते रेघेकडे बघतच म्हणाले.

काकूंनी पदराचे टोक बोटाभोवती गुंडाळले. “पूर्वी बघायची मी. त्या बँकेच्या कोपऱ्यावर मोठा आवाज झाला, आठवतं? तुम्ही रागावलात माझ्यावर, उगाच दचकवतेस म्हणून. मी म्हटलं, आता भांडत नाही, तुमचा राग निवला की हात धरून नेते आणि दाखवते. तर दुसऱ्या दिवशी सकाळी ही सोबती येऊन गाडी घेऊन गेली. संध्याकाळी परत आली तेव्हा मी एकटीने जाऊन पाहिलं. हात फिरवून पाहिला. काही म्हणता काही नव्हतं. मग पुन्हा एकदा तसंच झालं. आवाज होता, खूण नव्हती. मग मला वाटायला लागलं, माझंच काहीतरी बिघडतंय. लेकीला विचारलंसुद्धा, म्हातारपणी असे आवाज येतात का गं? ती मला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. तुम्हाला सांगितलं नाही.”

“आणि ह्या वेळी?”

“ह्या वेळी बघायला गेलेच नाही. ओरखडा असला तर भीती, आणि नसला तर जास्त भीती.”

हे सोबतीला ठाऊक नव्हते. ती दिवसभर जजसाहेबांच्या नजरेचा, त्यांच्या नातीच्या जागेचा विचार करत होती; त्या पुसलेल्या प्रत्येक ओरखड्याबरोबर या घरातल्या एका शहाण्या बाईचा स्वतःच्या कानांवरचा विश्वासही पुसला गेला, हे तिच्या हिशेबात कुठेच नव्हते.

“काकू,” ती म्हणाली, “तुम्हाला बरोबर ऐकू येत होतं.”

“ते आता कळलं. तेव्हाच सांगितलं असतंस, तर त्या डॉक्टरने कानात घातलेली नळी तरी वाचली असती.”

“साक्षीदार हितसंबंधी आहे,” जजसाहेब म्हणाले. पण ते सवयीने बोलत होते, आणि आवाज खाली आला होता.

“लग्न केलंय तुमच्याशी. हितसंबंध असणारच.”

सोबतीच्या खिशात फोन थरथरला. पडद्यावर व्यवस्थापकाचे नाव होते. तिने तो तसाच राहू दिला.

“तुम्ही गाडी शिकवत होतात,” जजसाहेब तिच्याकडे वळले. “शिकायला आलेल्याची नजर कशी बघत होतात?”

“सोपं असतं, साहेब. त्याने समोर एका ठिकाणी बघायचं. शेजारच्याने आपला हात त्याच्या कानामागून हळूहळू पुढे आणायचा. दिसला की त्याने सांगायचं. मान वळवायची नाही.”

“चला.”

ते चालकाच्या जागी बसले. काकू नेहमीप्रमाणे त्यांच्या डावीकडे बसल्या. बसताना मागच्या दाराच्या पत्र्याला पदर लागणार नाही याची त्यांनी काळजी घेतली, जणू तो ओल्या शाईचा कागद होता. सोबती उजव्या खिडकीपाशी उभी राहिली. समोर कुंपणाच्या भिंतीत पाण्याच्या नळीसाठी ठोकलेला एक हूक होता. जजसाहेबांनी त्यावर नजर रोवली.

“आधी उजवीकडून,” असे म्हणून सोबतीने खिडकीतून हात आणायला सुरुवात केली.

“दिसला,” ते लगेच म्हणाले. “आता ती.”

काकूंनी हात वर केला. जजसाहेबांच्या कानामागून निघालेली त्यांची बोटे गालापर्यंत आली, गालावरून पुढे सरकली, आणि गाडीच्या पुढच्या फळीपर्यंत पोहोचली. तिथे त्या थांबल्या. सोबतीला सगळे दिसत होते. जजसाहेब हुकाकडे बघत होते, शांतपणे, बोलावणे येण्याची वाट बघणाऱ्या माणसासारखे.

“सुरू कर ना,” ते म्हणाले.

काकूंनी हात तसाच धरला.

“अगं, केलंस का सुरू?”

“केलंय.”

“कुठे आहे हात?”

“तुमच्या नाकासमोर यायचा राहिलाय नुसता.”

तेव्हा त्यांनी मान वळवली. बायकोचा हात त्यांच्या अगदी जवळ, उघडा, हवेत धरलेला होता. त्यांनी पुन्हा समोर पाहिले, मग पुन्हा वळून हाताकडे, मग पुन्हा समोर, आणि हा खेळ त्यांनी एवढ्या सावकाशीने केला की काकूंचा हात अवघडला; तरी काकूंनी तो खाली घेतला नाही.

“म्हणजे गाडीत तू मला दिसतच नव्हतीस,” शेवटी ते म्हणाले.

“मी सारखी बोलत असते ना. त्यावरून तुम्हाला वाटत होतं, दिसतेय.”

जजसाहेबांनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले. गाडी बंद होती. अंगणात सावली लांबली होती आणि डाव्या काचेतून येणारे ऊन काकूंच्या मांडीवर पडले होते.

“उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ,” ते म्हणाले. “त्या औषधाच्या दुकानात जाऊन सायकल कोणाची ते विचारायचं. तिची भरपाई मी करणार.” मग खिडकीकडे वळून: “सोबतीबाई, हा ओरखडा रंगवायचा नाही. लेकीला मला दाखवायचा आहे. मी तिला तसा शब्द दिला होता.”

“मिस्त्रीचा रंगही संपलाय, साहेब.”

“खोटं बोलताय.”

“हो.”

त्यांनी मान हलवली. “तुमच्या साहेबांना माझ्याकडे पाठवा. त्यांचा नियम सौजन्याचा आहे, हे मला मान्य आहे. पण माझ्या गाडीवर काय घडलं ते जाणून घ्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार त्यांचा नव्हता, माझा होता, आणि त्यांनी तो मला न विचारता वापरला. हे मी त्यांना समजावून सांगेन. तुमची नोकरी राहावी, हे वेगळं सांगेन.”

मग त्यांनी पाठ ताठ केली, घसा खाकरला, हनुवटी जराशी उचलली. ही हालचाल सोबतीने कधी पाहिली नव्हती, पण काकूंनी आयुष्यभर ऐकले होते की कोर्टात या हालचालीनंतर सगळे उठून उभे राहत. शब्द मात्र आला नाही. उचललेली हनुवटी पुन्हा खाली आली.

“निकाल मला देता येणार नाही,” ते म्हणाले. “मी पक्षकार आहे.”

त्यांनी किल्ली काढली आणि ती, वळून, नीट बघून, बायकोच्या अजूनही उघड्या असलेल्या तळहातावर ठेवली.

“तू दे.”

काकूंनी किल्लीकडे पाहिले. मग मान मागे वळवून डावीकडची ती रिकामी जागा पाहिली, जिथून बंगल्यांतली कुत्री दिसतात.

“नात सोमवारपासून बसने जाईल,” त्या म्हणाल्या. “आणि तुम्ही आजपासून गाडी चालवायची नाही.”